लुईजच्या पाठच्या भावंडाचं नाव काय ठेवायचं?

पहिल्या बाळाच्या वेळी आपण फक्त नाव शोधत असतो. दुसऱ्या वेळी मात्र घरात आधीच एक नाव असतं, हाका मारून मारून रुळलेलं. आता जे नवं नाव येईल ते त्याच्या शेजारी बसणार, आणि आयुष्यभर दोन्ही नावं जोडीनंच उच्चारली जाणार. तुमच्या घरात दोन मुलं असतील तर तुम्हाला हे माहीतच आहे. आई रागावली की धाकट्यावर ओरडायचं असताना आधी थोरल्याचंच नाव तोंडात येतं!

माझी मावसबहीण फ्रान्समध्ये लियों शहरात राहते. नवरा फ्रेंच, सासर तिथलंच. तिच्या थोरल्या मुलीचं नाव लुईज. गेल्या वर्षी दुसऱ्या वेळी दिवस राहिले आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू झाला. ताईची अट एकच होती. नाव फ्रेंचच हवं, पण फारसं न ऐकलेलं, आणि ‘लुईज’शेजारी शोभणारं. मुलगा की मुलगी हे त्यांनी डॉक्टरांना मुद्दामच विचारलं नव्हतं. त्यामुळे याद्याही दोन करायच्या होत्या.

मी कॉलेजात इंग्रजी शिकलेली आणि हौसेनं थोडं फ्रेंच शिकलेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. ते करताना जे जे समजलं ते तुमच्यासाठी इथे मांडते आहे. तुमचे नातेवाईक परदेशात असतील तर उपयोगी पडेलच. नसतील तरी एका वेगळ्या देशातलं बारसं कसं असतं ते कळेल.

पाच दिवसांत नाव ठरलं पाहिजे

आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं, आत्या कानात नाव सांगणार, आणि तोवर बाळ नुसतं ‘बाळ’ म्हणून सुखात असतं. फ्रान्समध्ये इतकी सवड नाही. बाळंतपणानंतर पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत जन्माची नोंद करावी लागते, आणि ती नावासकट. २०१६ च्या कायद्याआधी तर ही मुदत तीनच दिवसांची होती. मुदत हुकली तर नोंदीसाठी कोर्टाचा आदेश आणावा लागतो. म्हणून तिथले आईवडील यादी आधीच पक्की करून ठेवतात. दोन्ही मुलांची नावं पुढे ‘लिव्रे द फामी’ नावाच्या छोट्या सरकारी पुस्तिकेत एकाखाली एक येतात. आपल्या रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात, साधारण तसंच.

आणि नाव हवं ते ठेवता येतं का? आज जवळपास हो. पण नेहमी असं नव्हतं. १८०३ मध्ये फ्रान्सने कायदा केला की नाव एकतर कॅलेंडरात असलेलं हवं, नाहीतर प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तीचं. कॅलेंडर म्हणजे संतांचं कॅलेंडर. तिथे वर्षातला प्रत्येक दिवस कुणा ना कुणा संताच्या नावाचा असतो आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला शुभेच्छा देतात. १९६६ मध्ये नियम थोडे सैल झाले. खरी मोकळीक मिळाली ती १९९३ च्या कायद्याने.

मधल्या काळात भावंडांच्या नावांवरून एक मोठी लढाई झाली. ब्रिटनी हा फ्रान्सचा पश्चिमेकडचा भाग, तिथली भाषा वेगळी, ब्रेटन. तिथल्या ले गोआर्निक कुटुंबाने आपल्या मुलांना ब्रेटन नावं दिली. त्यातल्या काही मुलांची नावं नोंदवून घ्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला. मग त्या मुलांसाठी मिळणारा सरकारी कुटुंबभत्ता नाही, ओळखीची कागदपत्रं नाहीत. एकाच आईची काही लेकरं सरकारदरबारी होती आणि काही नव्हतीच! वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली.

आजही एक रखवालदार आहे. नाव बाळाच्या हिताविरुद्ध आहे असं नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि प्रकरण कुटुंब न्यायाधीशांपुढे जाऊ शकतं. उत्तर फ्रान्समध्ये एका जोडप्याने मुलीचं नाव ‘नुटेला’ ठेवलं होतं. होय, तीच ब्रेडला लावायची! कोर्टाने ते रद्द करून मुलीचं नाव ‘एला’ केलं. २०१५ च्या सुरुवातीला ही बातमी जगभर गेली. दुसऱ्या एका मुलीचं ‘फ्रेज’, म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नावही नाकारलं गेलं. त्या पालकांनी मग ‘फ्रेझीन’ हे जुनं नाव घेतलं. हवं ते जवळपास मिळालं आणि बाळाची थट्टाही टळली.

वेगळं म्हणजे किती वेगळं?

फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेकडे १९०० पासूनची नावांची मोजणी आहे. कुठल्या वर्षी कुठलं नाव किती बाळांना ठेवलं, हे कुणालाही पाहता येतं. अगदी मोजक्या बाळांना दिलेली नावं त्या यादीत वेगळी दिसतच नाहीत. ती सगळी मिळून ‘दुर्मीळ नावं’ अशा एकाच ओळीत टाकलेली असतात. म्हणजे तुमच्या मनातलं नाव चलनी आहे, कमी ऐकलेलं आहे की कुणीच न ठेवलेलं आहे, हे आधी तपासा.

फॅशनच्या मागे धावण्याचा तोटाही त्याच यादीत दिसतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मुलांसाठी सर्वांत लोकप्रिय नाव होतं केविन. अमेरिकन सिनेमे आणि मालिकांची हवा होती. पुढे त्या नावाची इतकी चेष्टा झाली की ‘केविन’ हा विनोदाचा विषयच बनला. त्या बिचाऱ्या मुलांचा काय दोष?

उलट काही नावं पणजीच्या पिढीबरोबर दिसेनाशी होतात आणि शंभरेक वर्षांनी परत येतात. लुईज तसंच. १९०० च्या आसपास ते घरोघरी होतं, मग मागे पडलं, आणि आता पुन्हा पहिल्या काही नावांत आहे. आमच्या लुईजच्या वर्गातच आणखी एक लुईज आहे. मग बाई आडनावाचं पहिलं अक्षर लावून हाक मारतात.

इथेच माझ्या कामाची किल्ली सापडली. लुईजच्या पणजीच्या वर्गात आणखी कोण कोण बसलं असेल? त्यांतल्या काही जणी परत आल्या, काही अजून आलेल्या नाहीत. सिदोनी, ओनोरीन, लेओंतीन, क्लोतिल्द. मुलांमध्ये आनातोल, ओक्ताव, तेओफील, आंब्रवाझ. ही नावं फ्रेंच माणसाला परकी वाटत नाहीत, लिहिताही येतात, पण वर्गात दुसरं कुणी नसण्याची शक्यता जास्त.

थोरल्याचं नाव कुठल्या गोतावळ्यातलं आहे?

भावंडांची नावं यमकात बसलीच पाहिजेत असं नाही. ती एकाच गोतावळ्यातली वाटली म्हणजे पुरे. आपल्याकडचं उदाहरण घ्या. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. एकही यमक नाही, पण चारही नावं एकाच घरातली वाटतात. म्हणून आधी थोरल्याच्या नावाचं गाव ओळखा आणि मग शेजारचं घर शोधा.

पणजीच्या काळातली नावं: थोरली लुईज, जान किंवा थोरला ज्यूल असेल तर वरची यादी बघा. लुईज आणि सिदोनी, ज्यूल आणि ओनोरीन, जान आणि आनातोल.

मध्ययुगातली नावं: थोरली एलोईज किंवा थोरला आर्तूर असेल, तर आलिएनोर, इझोर, ओद, किंवा मुलासाठी आमोरी, तांक्रेद, गोवँ. आलिएनोर ही बाराव्या शतकातली राणी, आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची. ओद ही जुन्या वीरकाव्यातल्या रोलाँची वाग्दत्त वधू.

फुलापानांची नावं: थोरली रोझ किंवा व्हायोलेत असेल, तर गारांस, काप्युसीन, एग्लांतीन. गारांस म्हणजे ज्या मुळांपासून लाल रंग काढतात ती वनस्पती, आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. १९४५ च्या एका गाजलेल्या फ्रेंच सिनेमाची नायिकाही गारांसच आहे. काप्युसीन म्हणजे बागेतली केशरी फुलांची नॅस्टर्शियम.

ब्रेटन नावं: थोरला माएल किंवा थोरली एनोरा असेल, तर आझेनोर, रोझेन्न, किंवा मुलासाठी कोरांतँ, त्युग्द्युआल. इथे अक्षरांची अडचण येऊ शकते. ‘फाञ्च’ हे ब्रेटन नाव लिहिताना एन या अक्षरावर छोटी लाट काढतात. २०१७ मध्ये एका बाळाच्या नावातली ही लाट फ्रेंच लिपीत बसत नाही म्हणून कोर्टाने नाकारली. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने ती मान्य केली, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीवरही त्या बाळाची लाट शाबूत राहिली. एका चिन्हासाठी आईवडील दोन वर्षं झगडले!

गोतावळे मिसळले तर चालत नाही असं नाही. पण केविनच्या पाठीवर तांक्रेद आला तर लोक विचारतील, मधल्या काळात घरात काय घडलं?

दोन्ही नावांनी हाक मारून बघा

कागदावर गोड दिसणारं नाव तोंडात अडखळतं. म्हणून या परीक्षा घराच्या दारात उभं राहून, मोठ्या आवाजात घ्या.

१. दोन्ही नावं एका दमात म्हणा. फ्रेंचमध्ये ‘आणि’साठी ‘ए’ म्हणतात. ‘लुईज ए सिदोनी’ सहज वाहतं. ‘लुईज ए एलीझ’ म्हणताना जीभ अडखळते आणि दोन्हींचा शेवट ‘ज’, ‘झ’वरच होतो. जेवायला कुणाला बोलावलं तेच कळणार नाही.

२. शेवट वेगळा ठेवा. लेआ आणि तेआ, माएल आणि गाएल अशा जोड्या कानाला एकच वाटतात. जुळ्यांच्या बाबतीत तर हे जास्तच जपा.

३. पहिलं अक्षर एकच हवं का? काहींना ते आवडतं, आणि शाळेच्या स्वेटरवरचं नाव न बदलता धाकट्याला घालता येतो. पण पत्रावर, दप्तरावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त एक अक्षर असलं की घोटाळा ठरलेला.

४. स्वराने सुरू होणारं नाव फ्रेंचमध्ये मागच्या शब्दाला चिकटतं. लुईजचं पुस्तक ‘द लुईज’, पण इझोरचं पुस्तक ‘दिझोर’. काहींना ही लय आवडते, काहींना नाव बुडाल्यासारखं वाटतं.

५. आडनावासकट म्हणा. फ्रान्समधला एक जुना विनोद भावंडांवरच आहे. आडनाव तेरियर, एकाचं नाव आलँ, दुसऱ्याचं आलेक्स. भरभर म्हटलं तर एक होतो ‘आत’ आणि दुसरा होतो ‘बाहेर’. विनोद म्हणून ठीक आहे, पण रोज हजेरीत ऐकायला नको.

जोडीचे छुपे अर्थ

एकेकटी नावं निर्दोष असतात आणि शेजारी आली की भलतंच काही सुचवतात. पोल आणि व्हिर्जिनी ही दोन्ही साधी नावं. पण १७८८ च्या एका फ्रेंच कादंबरीत मॉरिशसमध्ये ही दोघं भावंडांसारखी वाढतात आणि पुढे एकमेकांच्या प्रेमात पडतात. सख्ख्या बहीणभावाला ही जोडी कोण देईल? त्रिस्ताँ आणि इझोल्द, आबेलार आणि एलोईज यांचंही तेच. मराठी घरात बहीणभावाला नल आणि दमयंती म्हणण्यासारखं! उलट कामीय आणि मादलेन ही जोडी खुशाल ठेवा. १८५८ च्या एका प्रसिद्ध बालपुस्तकात त्या दोघी गुणी सख्ख्या बहिणी आहेत.

आणखी एक गोष्ट. कामीय, आलिक्स, क्लोद ही नावं मुलालाही चालतात आणि मुलीलाही. शिल्पकार कामीय क्लोदेल ही स्त्री होती आणि तिचा धाकटा भाऊ पोल हा कवी. थोरल्याचं नाव असं दोन्हीकडे चालणारं असेल, तर धाकट्याचंही ठेवायचं की स्पष्ट कळणारं, हे आधी ठरवा.

साताऱ्याच्या आजीचं काय?

ताईच्या यादीत नसलेली, पण माझ्या डोक्यात असलेली ही अट. आजी साताऱ्यात असते आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. तिला नाव घेता आलं पाहिजे.

फ्रेंचमधले नाकातले उच्चार आपल्याला जड नाहीत, अनुस्वाराची सवय आहेच. गारांस आजीला पहिल्या झटक्यात जमलं. अडचण अर्थाची येते. माएल हे गोड ब्रेटन नाव, पण आजीने दोनदा घाईत म्हटलं आणि त्याचा ‘मैल’ झाला. ‘माओ’ असा उच्चार होणारं एक जुनं नाव मुलींसाठी आहे. ते ऐकून मामा म्हणाला, चीनमध्ये दिलंय का मुलीला? ओक्तावचा मूळ लॅटिन अर्थ आठवा. आजी लगेच म्हणाली, अगं, देवकीला सुद्धा आठव्यापर्यंत थांबावं लागलं, तुम्ही दुसऱ्यालाच आठवा म्हणणार? उलट मोद हे नाव तिला फार आवडलं. फ्रेंचमध्ये ते जुन्या माटिल्डाचं रूप आणि मराठीत सरळ आनंद.

हा त्रास उलटाही होतो बरं. आपलं ‘रवी’ हे नाव फ्रेंच माणसाला ‘फार खूश’ असं ऐकू येतं.

दोन भाषांच्या घरात नाव कसं असावं याचं एक सुंदर उदाहरण मला क्युरींच्या घरात दिसलं. मारी क्युरी मूळच्या पोलंडच्या, नवरा फ्रेंच. थोरली मुलगी इरेन, जन्म १८९७. धाकटी एव्ह, जन्म १९०४. दोन्ही नावं फ्रेंचमध्ये नीट बसतात आणि पोलिश माणूसही त्यांना इरेना आणि एव्हा म्हणून सहज हाक मारू शकतो. शिवाय दोन्ही छोटी, दोन्ही स्वराने सुरू होणारी, तरी ऐकताना गोंधळ नाही. इरेनला पुढे १९३५ चं नोबेल मिळालं आणि एव्हने आईचं चरित्र लिहिलं.

सगळं एकाच नावात कोंबायचीही गरज नाही. फ्रान्समध्ये कागदावर दोन-तीन नावं लावण्याची पद्धत आहे, आणि त्यातलं कुठलंही नाव रोजच्या वापरासाठी घेता येतं. म्हणजे पहिलं नाव फ्रेंच, दुसरं आजीचं, असं करता येतं.

आणि थोरलीला काय वाटेल?

हे सगळं चालू असताना लुईज ऐकत होती. सहा वर्षांची पोर. एके रात्री तिने ताईला विचारलं, बाळाचं नाव कुणाकडे नसलेलं शोधताय, मग माझं नाव सगळ्यांकडे असलेलं का?

ताईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघीही गप्प झालो. कुठलं नाव कुठल्या काळातलं, कुठला शेवट कसा, याचा विचार मी दोन महिने करत होते. हा प्रश्न माझ्या एकाही यादीत नव्हता. तुम्हीही दुसऱ्या बाळासाठी ‘काहीतरी खास’ शोधत असाल, तर हे शब्द थोरल्यासमोर जपून वापरा. त्याच्या कानावर पडतं ते इतकंच, की माझ्या वेळी खास नव्हतं शोधलं.

शिवाय वेगळ्या नावाचं ओझं धाकट्यावरच पडतं. लुईजला आपल्या नावाचं स्पेलिंग कधी सांगावं लागणार नाही. इझोरला किंवा त्युग्द्युआलला ते शाळेत, बँकेत, दवाखान्यात दर वेळी सांगावं लागेल. हे ओझं झेपेल इतपतच नाव वेगळं ठेवावं, असं मला आता वाटतं.

ताईने दुसऱ्या दिवशी जुनी पेटी उघडली. लुईज हे तिच्या नवऱ्याच्या पणजीचं नाव. त्या पणजीचा एक पिवळा पडलेला फोटो होता, मागे शाईने लिहिलेलं ‘लुईज’. तो तिने लेकीच्या हातात दिला आणि सांगितलं, तुझं नाव आम्ही शोधलं नाही, ते घरात तुझी वाट बघत होतं. लुईजने फोटो उशीखाली ठेवला. सकाळी उठून म्हणाली, मग बाळासाठी या पणजीची मैत्रीण शोधू.

मग यादी तिच्याकडे गेली. ती रोज एक नाव घेऊन खोलीभर हाका मारायची. ओनोरीन तिला लांब वाटलं. लेओंतीन म्हणताना हसू यायचं. मोद तिला आवडलं, पण शेजारच्या मांजरीचं नाव तेच निघालं!

बाळ एका गुरुवारी पहाटे आलं. मुलगी. शुक्रवारी ताईचा नवरा नगरपालिकेत जाऊन नोंद करून आला. पहिलं नाव सिदोनी, दुसरं आमच्या आजीचं. साताऱ्याला फोन लावला तेव्हा मोबाइल लुईजच्या हातात होता. तिने आजीला एकेक अक्षर तोडून शिकवलं. सि, दो, नी. आजीने तीनदा म्हणून बघितलं, चौथ्यांदा बरोबर आलं.

मग आजीने विचारलं, आणि तू कोण गं?

मी लुईज, ती म्हणाली, पणजीची.